विचारा बिनधास्त : कुलगुरूंचा एप्रिल

प्रश्न : सर, माझी मुलगी ताळगावला गोवा विद्यापीठात एमए करतेय. आयएसएचे, म्हणजे सेमिस्टर चालू असताना होणाऱ्या अंतर्गत परीक्षेचे, मार्क कमी दिले म्हणून तिने थेट कुलगुरूंनाच मेल टाकला, आठवडा उलटला तरी उत्तर नाही. ऑफिसात फोन केला तर 'सर मिटिंगमध्ये आहेत', दुपारी केला तरी तेच. सेमिस्टर संपत आला असताना एवढा मोठा माणूस दिवसभर मिटिंगमध्ये बसून करतो तरी काय? देव बरें करूं. (एक आई, डिचोली)

उत्तर : ताई, राग समजू शकतो, पण फोनवर सांगितलं ते बहुतेक खरंच असणार. मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या ऑफिसात नोकरी काढलीय, त्यामुळे हा सीझन आतून बघितलाय. काय होतं की सगळं एकदमच अंगावर येतं, ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलेलं असतं आणि अनुदान कुठे खर्च झालं त्याची युटिलायझेशन सर्टिफिकेटं मागे लागलेली असतात, तोवर परीक्षा दारात, आणि जूनपासून नवा सिलॅबस लावायचा तर अ‍ॅकॅडमिक काउन्सिलची मंजुरी आत्ताच लागते. त्यात शिगमो, पाडवा, गुड फ्रायडे. आठवड्याचे कामाचे दिवस उरतात किती ते तुम्हीच मोजा.

अ‍ॅकॅडमिक काउन्सिलची मिटिंग एकदा बघायला मिळाली पाहिजे सगळ्यांना. अजेंडा विटेएवढा जाड, डीन, विभागप्रमुख, प्राचार्य सगळे टेबलाभोवती, आणि पहिला दीड तास जातो एक पेपर दोन क्रेडिटचा ठेवायचा की चारचा यावर, कारण क्रेडिट कमी झाले की कुणाचा तरी वर्कलोड कमी होतो आणि वर्कलोड गेला की कॉन्ट्रॅक्टवरच्या एखाद्या पोराची नोकरी जाते, हे तोंडाने कुणी बोलत नाही पण माहीत सगळ्यांना असतं. कुलगुरू अध्यक्ष, म्हणजे त्यांना उठून जाता येत नाही. मग जेवण, आणि जेवणानंतर उरलेले चाळीस विषय अर्ध्या तासात 'मंजूर, मंजूर, पुढे'. हे मला कधीच पटलं नाही, कारण मुलांच्या कामाचं बरंचसं त्या चाळीसातच असतं.

मिटिंग संपून केबिनला यावं तर फायली. वर्षभर खाली झोपलेली फाईल नेमकी याच आठवड्यात जागी होते आणि प्रत्येकीवर 'तातडीचे' अशी लाल चिठ्ठी, म्हणजे तातडीचं काहीच नाही. आतली शेरेबाजी वाचली की हसू येतं: विभागप्रमुख लिहितो 'योग्य त्या निर्णयासाठी सादर', डीन त्याखाली 'सहमत, सादर', रजिस्ट्रार 'मा. कुलगुरूंच्या आदेशार्थ सादर'. एका आजारी मुलीला प्रॅक्टिकल दोन दिवस पुढे द्यायचं की नाही एवढाच मामला, पण सही करायची तयारी कुणाचीच नाही. कुलगुरूंना वेळ नसतो याचं अर्धं कारण हे, लोकांना वाटतं खुर्चीचा रुबाब. बाकी पीएचडीच्या व्हायवा, प्रमोशनचे इंटरव्ह्यू, मंत्रालयाचे फोन हे चालूच असतं, आणि डोक्याच्या मागे सतत पेपर फुटायची धास्ती.

आता मुलीचं बोलू. मार्क वाढवणं कुलगुरूंच्या हातात नसतं आणि नसावंच, नाहीतर ज्याची ओळख त्याचे मार्क. आधी त्या विषयाच्या टीचरकडे जाऊन पेपर बघायला मागा, मग विभागप्रमुख. तिथेही काही हललं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमाप्रमाणे ती प्रत्येक संस्थेत असायलाच हवी आणि तिने १५ कामाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. त्याच्यावर अपील लोकपालाकडे, म्हणजे भ्रष्टाचारवाला नव्हे, विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीचा. मात्र नुसतं 'फेरतपासणी करा' म्हणून लोकपाल ऐकत नाही, स्पष्ट गडबड किंवा भेदभाव दाखवावा लागतो. आणि हे आयएसएचं झालं, फायनलच्या पेपरबद्दल उद्या शंका आली तर आपली तपासलेली उत्तरपत्रिका आरटीआयखाली बघता येते, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगून ठेवलंय. जे काय द्याल ते कागदावर द्या, आणि झेरॉक्सवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

प्रश्न : भाचा अमेरिकेत शिकतो. फायनल्सच्या आदल्या रात्री त्यांच्या युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट स्वतः मुलांना पॅनकेक वाढत होते, फोटो आलाय ग्रुपवर. आमच्याकडे का नाही असं? (मडगावचा वाचक)

उत्तर : तिकडे बऱ्याच कॉलेजांत ही रीतच आहे, परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्रीचा ब्रेकफास्ट आणि वाढपी म्हणून प्रोफेसर, डीन, प्रेसिडेंट. छानच आहे, पण तिथल्या प्रेसिडेंटला ती रात्र मोकळी मिळते कारण सिलॅबस, विभाग वगैरेचा रोजचा व्याप प्रोव्होस्ट नावाचा दुसरा माणूस ओढत असतो. प्रेसिडेंटचं मोठं काम म्हणजे पैसा उभा करणं, माजी विद्यार्थी, देणगीदार, ट्रस्टी यांना सांभाळणं, आणि मे महिन्यात पदवीदान आलं की या सगळ्यांना एकाच मांडवात बसवायचं असतं, तेव्हा त्याचाही शेवटचा आठवडा काही आरामात जात नाही हो. आपल्याकडे पैशासाठी सरकारच्या दारात जायचं आणि क्रेडिटच्या भांडणातही बसायचं, दोन्ही कुलगुरूंनीच. पदवीदानाला मानाची खुर्ची मात्र कुलपती म्हणून राज्यपालांची. तरी पॅनकेक राहू दे, एका सकाळी कॅन्टीनमध्ये येऊन पोरांबरोबर पावभाजी खायला काही हरकत नाही, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

प्रश्न : कुलगुरू व्हायला कॉलेजात शिकवलेलंच असावं लागतं का? (विद्यार्थी, पेडणे)

उत्तर : नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात विद्यापीठात प्रोफेसर म्हणून १० वर्षं, किंवा नावाजलेल्या संशोधन किंवा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत तेवढा अनुभव असं आहे, आणि नावं सर्च कमिटी सुचवते. आपल्याच विद्यापीठाचं बघ, १९८५ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिले कुलगुरू बी. शेख अली, इतिहासाचे माणूस. पुढे सतीश शेट्ये आले, ते दोनापावलच्या एनआयओचे, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, डायरेक्टर होते, समुद्रशास्त्रज्ञ. विषय कुठलाही असो, एप्रिलमध्ये वाचायला मिळतात त्या फायलीच, तेव्हा व्हायचं ठरवलंच असशील तर आधी तुझी सेमिस्टरची असाइनमेंट वेळेत दे.