उशाशी बसलेल्या बाईची आधी चौकशी कर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

लालबाग-परळमध्ये घरी जाऊन रुग्णसेवा करायचं काम तू धरलंस, फार बरं वाटलं. केईएम तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण डिस्चार्जचा कागद हातात पडला की रुग्णालय मोकळं होतं. पॅरालिसिस झालेल्या माणसाला उचलून तिसऱ्या मजल्यावर नेल्यावर पुढची कित्येक वर्षं त्याचं कोणी करायचं, हे चाळीतल्या त्या एका खोलीतच निभवायचं असतं.

घरात शिरलीस की पेशंटची फाइल मागण्याआधी त्याचं सगळं करणाऱ्या माणसाकडे बघ. बहुतेक ठिकाणी ती बाईच असते. सून, बायको, नाहीतर लग्न न केलेली मुलगी. रात्री सलग किती झोप मिळते, कंबर कशी आहे, स्वतःची बीपीची गोळी वेळेवर घेते का, हे तिला विचार. "होतंय की सगळं," असं ती म्हणेल. तेवढ्यावर थांबू नकोस. तिला दुपारचे दोन तास कोण मोकळं करणार, ते तिच्यादेखत ठरव. नणंद, समोरच्या खोलीतल्या काकू, कॉलेजातला नातू, ज्याचा जो वार असेल तो कागदावर लिहून भिंतीला लाव. "काही लागलं तर सांगा" म्हणणारे पुष्कळ असतात; वार नेमून दिला की तेच लोक येतात.

मग हाताचं काम शिकव. दर दोन तासांनी कूस बदलायची, एअर गादी असली तरी. भरवताना उठवून बसवायचं आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. संडास गॅलरीच्या टोकाला असेल तर महागड्या बेडच्या आधी कमोड खुर्ची आणि एक पडदा आणायला सांग, असं माझं ठाम मत आहे. चारचौघांत भांडं घ्यावं लागतं म्हणून पाणीच कमी पिणारी म्हातारी माणसं मी खूप पाहिली. त्यातून लघवीचा संसर्ग होतो आणि पुन्हा ॲडमिट करावं लागतं.

आया पुरवणाऱ्या ब्युरोतून मावशी ठेवली असेल तर तिलाही जेवायला वेळ आणि आठवड्याची सुट्टी मिळते का ते बघ. बारा तासांच्या ड्युटीला ती लांबून लोकल पकडून येते.

पैशाबद्दल खोटी आशा लावू नकोस. 70 वर्षांवरच्यांना 2024 पासून आयुष्मान कार्ड मिळतं, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतं. घरची आया आणि डायपर यांचा खर्च घरालाच करावा लागतो.

आता जिथं माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो ते सांगते. पंच्याहत्तरीची आई आणि मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) असलेला चाळिशीचा मुलगा, अशी घरं तुला भेटतील. आई स्वतःचं दुखणं बोलत नाही, कारण "माझ्या पश्चात याचं काय" हा प्रश्न त्यामागून येतो. तू तो टाळू नकोस. मूल 18 वर्षांचं झालं की आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे कित्येकांना बँकेत अडल्यावर कळतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते. त्याच न्यासाची निरामय ही 1 लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर त्यापासून सुरुवात कर. आईचे हातपाय चालतायत तोवरच हे उरकून घे. आणि आत्तापासून महिन्यातून एखादी रात्र त्याला मामाकडे किंवा बहिणीकडे राहायला पाठव, म्हणजे दुसऱ्याच्या हातचं जेवायची, दुसऱ्या घरात झोपायची सवय आई असतानाच लागेल.

अर्ज भरताना त्यालाही शेजारी बसव. समाजात राहायचा हक्क 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं त्याला दिलाय. कोणाकडे राहायला आवडेल, हे आईला नाही, त्याला विचार. बोलता येत नसेल तर माणसांचे फोटो समोर ठेव आणि तो कुठल्या फोटोला हात लावतो ते बघ. घाई करू नकोस, दोन-तीनदा जा.

तुझी,
ताई