इंडी पॉप बँडचा पहिला अल्बम आल्यावर लोकांच्या उलटसुलट प्रतिक्रियांपैकी कुठल्या मनावर घ्यायच्या?

तुम्ही लिहिलंय की अल्बम येऊन तीन आठवडे झाले. अर्धे लोक म्हणतात "भारी, काहीतरी वेगळं", अर्धे म्हणतात "शब्द कळत नाहीत", "सगळी गाणी सारखीच", आणि तुमच्यातल्या दोघांना आता गाणी बदलून परत टाकायची आहेत. मी मुंबईत एका मराठी इंडी पॉप बँडमध्ये, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणाऱ्या बँडमध्ये, बेस गिटार वाजवते. आमच्या पहिल्या अल्बमच्या वेळी आमचंही अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रत्येकाला एवढंच विचारा: कुठे ऐकलंस आणि कशावर ऐकलंस? आम्हाला हे सुचायला दोन महिने लागले. "पोकळ वाटतं" म्हणणारे जवळजवळ सगळे फोनच्या स्पीकरवर ऐकत होते. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की तिचा मूळ स्वर ४१ हर्ट्‌झच्या आसपास असतो, आणि फोनचा एवढासा स्पीकर तिथवर उतरतच नाही. त्या स्वराचे उपस्वर, म्हणजे त्याच्यासोबत उमटणारे वरचे बारीक स्वर, ऐकू आले तर कान खालचा स्वर मनाने भरून काढतो. पण आमचा बेस इतका गुळगुळीत ठेवला होता की उपस्वर फारसे नव्हतेच. म्हणजे त्या लोकांसाठी मी अल्बममध्ये वाजवतच नव्हते. पुढच्या वेळी बेसला थोडी खरखर दिली आणि ही तक्रार बंद झाली.

शब्दांची तक्रार मात्र मी स्वतः डोळ्यांनी पाहिली. मुलुंडहून सकाळच्या फास्ट गाडीत माझ्यासोबत रोज एक ताई असतात, शाळेत शिकवतात. त्यांना माझे इअरफोन दिले. विक्रोळी गेलं तसं त्यांनी एका हाताने इअरफोन कानात दाबून धरला, दुसऱ्या हाताने आवाज वाढवला, डोळे बारीक केले. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "चाल गोड आहे गं. पण ती 'पाऊस' म्हणते की 'पाऊल'?" शब्द 'पाऊल' होता. अख्खं गाणं त्या एका शब्दावर उभं होतं.

त्या रात्री आम्ही चौघांनी ते गाणं परत ऐकलं आणि आम्हाला 'पाऊल' स्वच्छ ऐकू आलं. तेव्हा कारण लक्षात आलं. आम्हाला शब्द पाठ होते. मिक्सिंगला, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकमेकांत जुळवायला, बसलो तेव्हा गायिकेचा आवाज थोडा आत ढकलून त्यावर रिव्हर्ब (मोठ्या खोलीत घुमल्यासारखा परिणाम) चढवला, तो ज्यांना शब्द ठाऊक आहेत त्यांच्या कानांनी. शिवाय मराठी ऐकणाऱ्याचा कान भावगीतांवर तयार झालेला आहे. तिथे शब्द पुढे आणि वाद्यं मागे. इंग्रजी इंडी पॉपमध्ये धूसर आवाज चालून जातो, कारण आपल्यापैकी बरेच जण तिथे शब्दांकडे फारसं लक्ष देत नाहीत. मराठीत ऐकणारा शब्द शोधतोच. ते त्याचं प्रेम आहे, आणि त्याला ते मिळायला हवेत असं मला आता मनापासून वाटतं.

लोक तक्रारीसोबत इलाजही सांगतात. तक्रार ठेवा, इलाज सोडून द्या. माझे काका म्हणाले, "यात तबला घाला." तबला घालून ते गाणं बिघडलं असतं. पण त्यांना नीट विचारलं तर म्हणाले, "ठेका कुठे धरायचा तेच कळेना." त्या गाण्यात ड्रम्स एक मिनिट उलटून गेल्यावर यायचे. काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं! "सगळी गाणी सारखी" याचंही तसंच. तुमची लागोपाठची तीन-चार गाणी एकाच लयीत किंवा एकाच पट्टीत आहेत का, ते आधी पाहा.

आकडे बघायचेच असतील तर कुठल्या गाण्याला लोक परत येतात आणि कुठलं सेव्ह करतात ते बघा. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरली जाते, त्यामुळे नुसत्या स्ट्रीम्सवरून गाणं शेवटपर्यंत ऐकलं की नाही ते कळत नाही.

गाणी बदलून परत टाकायचं म्हणाल तर माझं मत: नको. मिक्स बदलला की त्या रेकॉर्डिंगला नवा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगचा स्वतःचा ओळख क्रमांक) घ्यावा लागतो आणि आकडे बहुधा पहिल्यापासून सुरू होतात. पण माझं खरं कारण वेगळं आहे. तीन आठवड्यांत बोलतात ते बहुतेक आपल्या ओळखीचे. अनोळखी माणूस उशिरा येतो. बेल अँड सेबॅस्टियन या स्कॉटलंडच्या इंडी पॉप बँडचा पहिला अल्बम १९९६मध्ये ग्लासगोच्या स्टो कॉलेजच्या संगीत-व्यवसाय अभ्यासक्रमातून निघाला, फक्त १,००० प्रती. ऐकणारे वाढत गेले, प्रती मिळेनाशा झाल्या, आणि १९९९मध्ये तो पुन्हा काढावा लागला. आमच्या अल्बमबद्दल सगळ्यात जवळचा वाटलेला निरोप आठव्या महिन्यात आला. नाशिकच्या एका मुलीने रात्रपाळीत ऐकून पाठवलेला. तिने ज्या गाण्याचं नाव घेतलं ते आम्ही यादीतून काढायला निघालो होतो.

'पाऊल' अजून तसंच आहे, धूसर. कार्यक्रमात मात्र आमची गायिका तो शब्द आता जवळजवळ बोलल्यासारखा म्हणते, आणि तिथे पुढच्या रांगेतले लोक मान वर करतात.

तुमच्या अल्बमची लिंक खाली टाका. मी दोनदा ऐकेन, एकदा गाडीत आणि एकदा घरी, आणि दोन्ही वेळचं वेगवेगळं लिहून कळवेन.