वाचकांचे प्रश्न : चार कॉर्ड आणि लांबवलेला ‘सा’

प्रश्न : गेले काही महिने मी संगणकावर एक उडत्या चालीचे नृत्यगीत रचत आहे. लय मिनिटाला 124 मात्रांची असून पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत सी मेजर, जी मेजर, ए माइनर आणि एफ मेजर या चारच कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) फिरत राहतात. कडवे ऐकायला बरे वाटते, पण कोरस (ध्रुवपद) आला तरी गाणे उसळी घेत नाही. मित्रांचे म्हणणे असे की, कॉर्ड अपुऱ्या आहेत, आणखी दोन-तीन घाला. आपले मत काय?

उत्तर : कॉर्ड वाढवू नका, उलट कडव्यातून एक काढून टाका. आपण दिलेल्या लयीत एका मात्रेला साधारण 0.48 सेकंद लागतात, म्हणजे चार मात्रांचे एक आवर्तन दोन सेकंदांहून किंचित कमी वेळात संपते आणि एका आवर्तनाला एक कॉर्ड धरली, तर चार कॉर्डचा पूर्ण फेरा पावणेआठ सेकंदांत उरकतो. तीन मिनिटांच्या गाण्यात असे तेवीस फेरे होतात, आणि आपल्या मांडणीत प्रत्येक फेऱ्याची सुरुवातच सी मेजरने, म्हणजे जिथे कान विसावतो त्या गाण्याच्या ‘घरा’ने, होत असल्यामुळे श्रोता कोरसपर्यंत पोहोचतो तेव्हा तो पाच-सहा वेळा घरी जाऊन आलेला असतो. मग कोरसने त्याला पुन्हा त्याच दारात आणून सोडले, तर त्याला काय वाटणार?

सी या स्वराला ‘सा’ मानले, तर सी मेजर म्हणजे सा-ग-प, जी मेजर म्हणजे प-नि-रे, ए माइनर म्हणजे ध-सा-ग आणि एफ मेजर म्हणजे म-ध-सा. कडव्यात एफ, जी आणि ए माइनर एवढ्या तिघींवरच भागवावे. कुठे सी मेजर टाळता येतच नसेल, तर तिच्या खाली बेसने (सर्वांत खालचे सूर धरणाऱ्या वाद्याने) ‘सा’ न वाजवता ‘ग’ वाजवावा. कॉर्ड तीच राहते, मात्र तिचे बूड टेकत नाही. कोरसच्या आधीची आठ आवर्तने एफ आणि जी यांच्यातच हेलकावत ठेवावीत आणि शेवटची दोन संपूर्णपणे जी मेजरवर रोखून धरावीत. तिच्यातला ‘नि’ वरच्या ‘सा’पासून अवघ्या अर्ध्या स्वराच्या अंतरावर असतो आणि कानाला तिकडे ओढत राहतो. ही ओढ जितकी ताणली जाईल तितका कोरसचा पहिला ‘सा’ जोरात लागतो. माझ्या सुरुवातीच्या रचनांच्या फाइली आज उघडून पाहतो, तेव्हा जवळजवळ प्रत्येकीत पहिल्याच आवर्तनात सी मेजर दणकून वाजताना दिसते, म्हणून ही चूक मला लांबूनही ओळखू येते.

कॉर्डबरोबर वाद्यांचीही काटकसर करावी लागते. कोरसआधीच्या शेवटच्या आवर्तनात किक (ड्रमचा खोल ठोका) थांबवावी, बेस काढून घ्यावा, इतर वाद्यांचे खालचे ध्वनी फिल्टरने हळूहळू छाटत न्यावेत आणि अगदी शेवटच्या मात्रेला गायकाच्या एका शब्दाखेरीज काहीही ठेवू नये. गाण्याची चालही तपासावी. कडव्यातील ओळी तुटक आणि खालच्या सुरांत असतील, तर कोरसची ओळ चार-पाच स्वर वरून, लांब अक्षरांनी सुरू व्हावी. आपण कडव्यात आणि कोरसमध्ये सुरांचा एकच टप्पा वापरला असल्याची मला शंका आहे. तसे असेल, तर वरचे सगळे उपाय अर्धेच लागू पडतील.

प्रश्न : माइनर कॉर्ड उदास असतात असे शिकवले जाते. तरीही ए माइनरपासून सुरू होणारी कितीतरी नृत्यगीते ऐकताना आनंदच का वाटतो?

उत्तर : माइनर म्हणजे उदास हा नियम शिकवायला सोपा आहे, म्हणून टिकला. केट हेव्हनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ महिलेने 1930च्या दशकात श्रोत्यांना संगीत ऐकवून त्यांच्याकडून विशेषणे निवडून घेतली होती. त्या प्रयोगांतही मेजर-माइनरच्या भेदाबरोबर लयीच्या गतीचा प्रभाव ठळकपणे दिसला होता. जलद लय, वरचे सूर आणि चकचकीत नादाचे सिंथ (इलेक्ट्रॉनिक स्वरवाद्य) हे तिन्ही एकत्र आले की, एकटी माइनर कॉर्ड सगळ्या गाण्याला खाली ओढू शकत नाही.

पण यापेक्षा रंजक गोष्ट स्वरांच्या मांडणीत आहे. बेसने ‘ध’ धरला असताना वरच्या चालीत सा, ग, प हेच स्वर फिरत असतील, तर तळ माइनरचा आणि माथा मेजरचा असे दुहेरी चित्र तयार होते, कारण सा-ग-प ही स्वतःच सी मेजर आहे. ए माइनर, एफ, सी, जी या क्रमाने फिरणाऱ्या गाण्यात ‘सा’ नेमका सी वर आहे की ए वर, याचा निर्णय कान शेवटपर्यंत लांबणीवर टाकू शकतो. हसरा चेहरा आणि किंचित भरून आलेला गळा हा ज्या गाण्यांचा गुण म्हणून सांगितला जातो, त्यांत बहुधा हेच घडत असते.

आणखी एक बारकावा पियानोवर बसून स्वतः पडताळून पाहावा. उजव्या हाताची बोटे कमीत कमी हलवीत हा फेरा वाजवला, तर ए माइनरकडून एफकडे जाताना केवळ ‘ग’चा ‘म’ होतो आणि बाकीचे दोन स्वर जागीच राहतात. एफकडून सीकडे जाताना ‘सा’ तसाच राहून दोन स्वर खाली उतरतात. सीकडून जीकडे जाताना ‘प’ स्थिर राहतो आणि पुन्हा दोन स्वर उतरतात. शेवटी जीकडून ए माइनरकडे परतताना मात्र तिन्ही स्वर एकदमच वर चढतात : रे-प-नि यांचे ग-ध-सा होतात. म्हणजे हा फेरा बराचसा उतरत जातो आणि दर पावणेआठ सेकंदांनी एकदाच सगळा मिळून उसळतो. पाश्चात्त्य शास्त्रीय स्वरसंगती शिकवणारे शिक्षक या जागेवर, बेसच्या जोडीने समांतर पंचम आले, म्हणजे दोन सूर आपसांतले पंचमाचे अंतर न बदलता एकाच दिशेने सरकले म्हणून, लाल पेन्सिल फिरवतील. नृत्यगीतात हीच उसळी हवी असते, तेव्हा ती खुशाल तशीच ठेवावी.

प्रश्न : किक आणि बेस वेगवेगळे ऐकले तर उत्तम वाटतात; एकत्र वाजले की सगळा चिखल होतो. हे कसे सोडवावे?

उत्तर : दोघे एकाच जागेसाठी भांडत आहेत. नृत्यगीतातल्या किकचा मुख्य नाद बहुधा 50 ते 60 हर्ट्झच्या आसपास असतो आणि बेसचा खालचा ए नेमका 55 हर्ट्झचा आहे. त्यावर रूढ उपाय म्हणजे साइडचेन : बेसवर कॉम्प्रेसर (आवाज आपोआप दाबणारे साधन) लावून त्याला किकचा इशारा जोडायचा, म्हणजे किक पडताच बेस दबतो आणि लगेच पुन्हा वर येतो. 124च्या लयीत तो साधारण 240 मिलिसेकंदांत, म्हणजे पुढच्या मात्रेच्या निम्म्या वाटेवर, पूर्ण आवाजाला परतेल असे पाहावे. सिंथच्या लांब कॉर्डवरही हीच युक्ती सौम्यपणे वापरल्यास प्रत्येक मात्रेनंतर कॉर्ड फुगल्यासारखी वाटते आणि हाय-हॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी) ज्या रिकाम्या जागेत वाजते तिथेच स्वरसंगतीही श्वास घेते. याहून साधा उपाय म्हणजे बेसने किकच्या जागा सोडून फक्त मधल्या अर्ध्या मात्रांवरच वाजणे. तो आधी करून पाहावा. कित्येकदा कॉम्प्रेसरची गरजच उरत नाही.

प्रश्न : खरा नृत्यठेका मिळवण्यासाठी जुने ड्रम मशीन विकत घ्यावे का?

उत्तर : नाही. रोलँडचे टीआर-808 हे यंत्र 1980 साली आणि टीआर-909 हे 1983 साली बाजारात आले. दोन्हींचे नाद आज बहुतेक प्रत्येक संगीत-सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतात. प्रत्येक मात्रेला किक, दुसऱ्या व चौथ्या मात्रेला क्लॅप (टाळीचा नाद) आणि मधल्या जागांत उघडी हाय-हॅट एवढ्यावर सुरुवात करावी, आणि ती हाय-हॅट कडव्यात मुळीच वाजवू नये.