सिगारेट सोडून व्हेप, आणि डिसेंबरची भारतवारी

इंग्लंडमधील रेडिंगहून एका भगिनीने विचारले आहे : "यजमान गेली १५ वर्षे सिगारेट ओढतात, सध्या दिवसाला एक पाकीट. आता ते व्हेपकडे वळायचे म्हणतात. एक व्यसन सोडून दुसरे धरण्यात काय हशील? शिवाय डिसेंबरमध्ये आम्ही तीन आठवडे सांगलीला सासरी जाणार आहोत. तेव्हा व्हेप बरोबर नेता येईल का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे सोपे आहे, कारण त्यात संदिग्धता नाही : नेऊ नये. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे, म्हणजेच व्हेपचे, उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी घातलेली आहे. ती यंत्राच्या सुट्या भागांनाही लागू आहे आणि स्वतःपुरते आणणाऱ्या प्रवाशाला कायद्यात सूट नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा जी वस्तू सिगारेट सोडण्यासाठी सुचवते, तीच मुंबईच्या विमानतळावर बेकायदा ठरावी, हे पचायला जड जाते. परंतु कस्टमच्या अधिकाऱ्यापुढे हा वाद घालून काहीही साधणार नाही.

आता पहिला प्रश्न. तलफ लागते ती निकोटिनमुळे, पण फुप्फुसे आणि रक्तवाहिन्या नासतात त्या मुख्यतः तंबाखू जळताना निघणाऱ्या धुराने, त्यातल्या डांबराने आणि कार्बन मोनॉक्साइडने. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही. तापलेल्या कॉइलवर निकोटिनयुक्त द्रवाची वाफ होते. ही वाफ निरुपद्रवी नाही, तिच्या दीर्घकालीन परिणामांचा हिशेब अजून पूर्ण लागलेला नाही, आणि ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने तिच्या वाटेला मुळीच जाऊ नये. ओढणाऱ्यासाठी मात्र ती धुरापेक्षा बरीच कमी घातक आहे. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेर सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण व्हेप घेणाऱ्या गटात १८ टक्के, तर निकोटिनची पट्टी, गम वगैरे वापरणाऱ्या गटात ९.९ टक्के होते. तुमची शंकाही निराधार नाही, कारण व्हेपच्या आधाराने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. तरीही माझे मत असे, की आधी सिगारेट जाऊ द्यावी. व्हेपशी भांडण नंतर.

मात्र सिगारेट पूर्ण जायला हवी. सकाळच्या चहाबरोबर एक सिगारेट आणि उरलेला दिवस व्हेप, या टप्प्यावर बरेच जण वर्षानुवर्षे अडकून पडतात आणि आपण व्यसन आटोक्यात आणले असे समजतात. दिवसाला २० सिगारेटींनी हृदयविकाराचा जो जादा धोका संभवतो, त्याचा जवळपास निम्मा भाग दिवसाला एका सिगारेटनेही उरतो. म्हणून एकोणीस कमी केल्याचे समाधान फसवे आहे.

अडकण्याचे एक कारण साधे आहे. संकोचापोटी माणूस कमी निकोटिनचा द्रव घेतो, तलफ भागत नाही आणि हात पुन्हा पाकिटाकडे जातो. ब्रिटनमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही कायदेशीर मर्यादा आहे. रोज एक पाकीट ओढणाऱ्याने तिच्या जवळपासच सुरुवात केलेली बरी. झुरका सिगारेटसारखा झटकन नव्हे, सावकाश घ्यावा लागतो. एकदाच वापरून फेकायची यंत्रे तिथे १ जून २०२५ पासून बंद झाली आहेत, त्यामुळे पुन्हा भरता येणारेच घ्यावे. द्रवाची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, कारण आंब्याचा वास येणारा तो द्रव पोटात गेल्यास विषबाधा होते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : धूर बंद झाला की शरीरातील कॅफिनचा निचरा मंदावतो, त्यामुळे पूर्वीइतकाच चहा-कॉफी घेतल्यास झोप उडते आणि दोष व्हेपला दिला जातो. मानसिक आजारावरील काही औषधांचेही असेच होते. नियमित औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी कळवावे.

सांगलीची तयारी मात्र आतापासून करावी. निघण्यापूर्वी दोन आठवडे स्थानिक धूम्रपानमुक्ती केंद्राच्या सल्ल्याने निकोटिनची पट्टी सुरू करावी आणि अचानक येणाऱ्या तलफेसाठी गम जवळ ठेवावा. तो साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून, झणझणीत चव आली की तंबाखूचा बार धरावा तसा गालात धरायचा असतो. (घरातील वडीलधाऱ्यांना ही उपमा लगेच समजेल, आणि कदाचित त्यांनाही या गमची गरज असेल.) खरी परीक्षा घरात नाहीच, वडिलांसमोर ते बहुधा ओढतही नसतील. ती आहे जुन्या मित्रांबरोबर टपरीवर. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० मध्ये बंदी झाली, तरी मागणाऱ्याला ती मिळते. "एकाने काय होते" असे म्हणणारा मित्र भेटणारच. त्याला काय उत्तर द्यायचे हे यजमानांनीच आधी ठरवून ठेवावे. तुम्ही पहारा करू नये, त्याने चोरून ओढणे तेवढे वाढते.

व्हेपचे यंत्र या काळात रेडिंगच्या घरी कपाटात राहील. तीन आठवडे त्याच्यावाचून निभावले, तर परतल्यावर ते लगेच बाहेर काढू नये. पट्टीची मात्रा हळूहळू उतरवत पुढे जाता येते का, हे केंद्रातील सल्लागाराला विचारावे.