रेडिओवरून टू-इन-वनवर भरलेल्या जुन्या कॅसेट संगणकावर कशा उतरवायच्या?

तुमच्या प्रश्नात दोन मागण्या आहेत. वडिलांनी १९८० च्या दशकात टू-इन-वनवर (रेडिओ नि टेपरेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र) रेडिओवरून भरून ठेवलेल्या चाळीसेक कॅसेट (आपली आवड, कामगार सभा, पुन्हा प्रपंच, मधेच रेडिओ सिलोन) संगणकावर घ्यायच्या आहेत. आणि 'खरखर काढून, बडबड कापून' फक्त गाणी नि श्रुतिका वेगळ्या करायच्या आहेत. पहिल्या मागणीचं उत्तर लांब आहे. दुसरीचं एका शब्दात देतो: कापू नका.

गाणी कुठेही मिळतील. गीतरामायण १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालं; ते पुढे ध्वनिमुद्रिकांवर आलं म्हणून घरोघरी राहिलं. रोजच्या कार्यक्रमांना ते भाग्य नव्हतं, आणि केंद्रांवर टेप पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. त्यामुळे फर्माईश करणाऱ्यांची नावं-गावं वाचणारा निवेदक, अर्धवट तुटलेली जाहिरात, '५३७.६ मीटर्स म्हणजेच ५५८ किलोहर्ट्झवर' असं केंद्राची लहर सांगणारं वाक्य, हा ऐवज कदाचित तुमच्याच कॅसेटमध्ये उरला असेल. तुम्ही ज्याला बडबड म्हणताय, त्यासाठीच हा सगळा खटाटोप करायचा.

सुरुवात कॅसेट न वाजवता करा. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी मग काही पुसलं जात नाही. नंतर खिडकीतून टेपचं वेटोळं उजेडात बघा. तपकिरी, गुळगुळीत, एकसारखं दिसलं तर ठीक. कडेला पांढरट पिठासारखी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, आणि कोकण-मुंबईच्या दमटपणात ती दिसतेच, तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करा. एक बुरसटलेली कॅसेट वाजवली की हेड (यंत्रातला टेप वाचणारा भाग) आणि रबरी चाकावरून बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. अशा कॅसेट आठवडाभर सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवून कोरड्या करा आणि शेवटी घ्या. घेताना तोंडाला मास्क लावा, टेप धागे न सुटणाऱ्या मऊ कोरड्या कापडातून हळूहळू ओढत दुसऱ्या चकतीवर गुंडाळा. टेप ओव्हनमध्ये तापवायचा उपाय कुठे वाचला असेल तर विसरा. तो काही विशिष्ट स्पूल टेपच्या चिकटपणावरचा आहे. घरगुती कॅसेटचं कवचच त्यात वाकडं होईल.

टेप जिथे हेडला टेकते तिथे मागे पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा डिंक सुकतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज एकदम दबका, येतो-जातो असा होतो आणि लोक समजतात की टेप गेली. टेप शाबूत असते. पाच स्क्रूंचं कवच असेल तर उघडा आणि रद्दी कॅसेटमधली पट्टी काढून बसवा. कवच चिकटवलेलं असेल तर सांध्यात ब्लेड घालून उकला आणि दोन्ही चकत्या टेपसकट स्क्रूच्या कवचात हलवा. तुटलेली टेप जोडायला सेलोटेप कधीही वापरू नका. त्याचा डिंक पाझरून पुढच्या वेढ्याला चिकटतो. कॅसेटच्या रुंदीची (३.८१ मिमी) जोडपट्टी मिळते, ती टेपच्या आतल्या बाजूने लावा. हेडला घासणारी बाहेरची बाजू मोकळीच राहिली पाहिजे.

आता यंत्र. 'यूएसबी कॅसेट प्लेअर' नावाची नवी स्वस्त डबी घेऊ नका. तिची मोटर डगमगते, गाण्यातला लांब सूर थरथरतो, आणि ही थरथर नंतर काढणं जवळपास अशक्य असतं. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे चांगला स्टिरिओ डेक (स्वतःचा स्पीकर नसलेलं, कॅसेट वाजवणारं यंत्र) मिळतो. त्याचे रबरी पट्टे बदलायचेच असं धरून चाला. तीस वर्षांत पट्टा एकतर सैल पडतो नाहीतर डांबरासारखा वितळतो. ते डांबर चक्रांवरून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पूर्ण पुसा. नवा पट्टा मोजायला दोरी चक्रांभोवती फिरवून लांबी घ्या आणि त्याहून साधारण ५ टक्के कमी घेराचा पट्टा आणा. फार ताठ पट्ट्याने मोटरच्या बुशवर ताण येतो, सैल पट्ट्याने वेग घसरतो.

हेड आणि चकचकीत धातूचा दांडाही त्याच अल्कोहोलने पुसा, दर तीन-चार कॅसेटनंतर पुन्हा. सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. टेप खाल्ली जाते त्याचं कारणही इथेच सापडतं. दांडा आणि रबरी चाक मिळून टेप पुढे ढकलत राहतात, पण ती गोळा करणारी उजवी चकती फिरत नाही, म्हणून टेप आत गोळा होते. म्हणून आधी एक रद्दी कॅसेट अर्धा तास वाजवा आणि उजव्या चकतीवर नजर ठेवा. ती अडखळत असेल तर वडिलांच्या कॅसेटला हात लावू नका. (गुंतलेली टेप परत गुंडाळायला षट्कोनी पेन्सिल अजूनही सर्वांत उत्तम अवजार आहे.)

सर्वांत जास्त फरक पडतो तो हेडच्या कोनाने, आणि बहुतेक जण नेमकं तेच करत नाहीत. वडिलांच्या टू-इन-वनचं हेड ज्या कोनात होतं, त्याच कोनात तुमच्या डेकचं हेड नसेल तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. आवाज मोनोत ऐका, निवेदक बोलत असताना स्क्रू एकअष्टमांश वळशाने फिरवा आणि 'स', 'श', 'च' ही अक्षरं ऐका. एका जागी ती अचानक धारदार होतात. तिथेच थांबा. एकाच टू-इन-वनवर भरलेल्या सगळ्या कॅसेटना बहुधा तोच कोन चालतो, म्हणून त्या सलग घ्या. सगळं संपल्यावर कंपनीची, कारखान्यात भरलेली चांगली कॅसेट लावून हेड परत जागेवर आणा. डॉल्बीचं (टेपची फिस्स् कमी करणारी सोय) बटण बंद ठेवा. साध्या टू-इन-वनमध्ये ते नसायचंच, आणि उगाच चालू केलं तर आवाज आणखी दबतो.

डेकच्या लाइन आउटमधून दोन आरसीए वायरी यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणारी छोटी पेटी) लाइन इनमध्ये द्या. लॅपटॉपच्या एकमेव भोकात वायर खुपसू नका. ते माइकचं आणि मोनो असतं, आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते पुरे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मूळ मोनो असलं तरी स्टिरिओच घ्या, कारण डाव्या-उजव्या दोन ट्रॅकपैकी एकात टेप खराब असेल तर नंतर दुसरा निवडता येतो. दोन्ही चांगले असतील तर मिसळा, खरखर थोडी कमी होते. हिशेब असा: मिनिटाला साधारण १७ एमबी, ९० मिनिटांच्या कॅसेटला दीड जीबी, चाळीस कॅसेटना ६० जीबीच्या आसपास. फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) साठवलं तर जवळपास निम्मं. एमपी३ फक्त नातेवाइकांना पाठवायला.

वेगाचं एक लफडं उरतं. सेल उतरत आलेले असताना भरलेली कॅसेट आज चांगल्या डेकवर वाजवली की निवेदक चिरक्या आवाजात घाईघाईने बोलतो. परदेशी लेखांत सल्ला असतो की टेपवरची ५० हर्ट्झची विजेची घरघर मोजा आणि त्यावरून वेग सुधारा. आपल्याकडे हा सल्ला फसवा आहे. त्या काळात आपल्या विजेची वारंवारता ५० ला चिकटून नसायची, भार वाढला की ४९ च्याही खाली जायची. शिवाय सेलवर चालणाऱ्या टू-इन-वनमध्ये ती घरघर मुळातच नसते. त्यापेक्षा कॅसेटमधलं एखादं चित्रपटगीत घ्या, त्याची स्वच्छ प्रत मिळवा आणि त्याच दोन ओळींमधला वेळ दोन्हीकडे मोजा. कॅसेटवर ५८ सेकंद आणि मुळात ६० भरले तर वेग ०.९६७ पट करायचा. ऑडॅसिटीत वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा पर्याय वापरा. फक्त टेम्पो बदललात तर आवाज चिरकाच राहील. कॅसेटच्या सुरुवातीला एक आणि शेवटी वेगळा आकडा आला तर सेल हळूहळू उतरत होते असं समजा. तेव्हा तुकडे पाडून सुधारा.

आता खरखरीबद्दल. मूळ फाइलला हात लावायचा नाही, जे काही करायचं ते प्रतीवर. मध्यम लहरींवरचा आवाज जेमतेम ५ किलोहर्ट्झपर्यंत असतो. त्यामुळे प्रतीवर ६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं तर निवेदकाचं काही जात नाही आणि फिस्स् आवाज बराच कमी होतो. सलग, एकाच सुरातली शिटी दोन कारणांनी येते. एक, टू-इन-वनमध्ये रेकॉर्डिंगसाठी चालणारं उच्च वारंवारतेचं मंडल रेडिओत मिसळायचं; ती टाळायला मागे 'बीट' असं लिहिलेलं बटण असायचं आणि ते कुणी हलवत नसे. दोन, मध्यम लहरींवर केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत (५५८, ७९२, १०४४ हे सगळे ९ च्या पटीत), म्हणून रात्री शेजारचं दूरचं केंद्र आत घुसलं की बरोबर ९ किलोहर्ट्झची शिटी. ही वरच्या छाटणीतच जाते. पहिली शिटी स्पेक्ट्रोग्राममध्ये (ऑडॅसिटीत दिसणारं आवाजातल्या वारंवारतांचं चित्र) आडव्या रेघेसारखी दिसते. तिची वारंवारता वाचा आणि नॉच फिल्टरने तेवढीच काढा. नॉइज रिडक्शन ६ डेसिबलपेक्षा जास्त लावू नका, आवाज पाण्याखालून बुडबुडत येतो. सिलोनचा आवाज लाटेसारखा वर-खाली होतो, तो तसाच राहू द्या. लघुलहरींवर सिलोन असंच ऐकू यायचं.

फाइलच्या नावात केंद्र, कार्यक्रम, अंदाजे वर्ष, कॅसेट क्रमांक आणि बाजू लिहा: 'मुंबई_आपलीआवड_१९८४अंदाजे_कॅ१७_अ'. वर्ष जाहिराती, बातम्या आणि नव्या चित्रपटांच्या गाण्यांवरून निघतं, म्हणूनही त्या कापायच्या नाहीत. घरच्यांनी ऐकायला काही अडचण नाही. सार्वजनिक ठिकाणी चढवण्याआधी एवढं लक्षात घ्या की प्रसारणाचा हक्क २५ वर्षांत संपतो, पण आतल्या ध्वनिमुद्रिकेचा ६० वर्षं आणि श्रुतिका लिहिणाऱ्याचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो.

सगळं उतरवून झालं तरी कॅसेट रद्दीत देऊ नका. शेवटपर्यंत गुंडाळून, उभ्या, स्पीकरपासून लांब ठेवा. एखादी बाजू वाईट उतरली असेल तर चांगल्या डेकवर पुन्हा घेता येते.