व्हाळ तळ्याला परत जोडायचाय? जेसीबी सगळ्यात शेवटी

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मडगावच्या कडेला त्यांच्या वाड्यावरचा व्हाळ, म्हणजे ओढा, पूर्वी तळ्यात उतरायचा. मधून रस्ता झाला, व्हाळ कडेच्या गटारात वळवला. आता तळं फेब्रुवारीतच आटतं आणि जूनमध्ये रस्त्यावर गुडघाभर पाणी. सरळ चर खणून दोन्ही जोडले तर?

जोडा, पण घाई नको. आमच्या वाड्यावर आम्ही घाई केली होती. वर्गणी काढली, मशीन आणलं, ऑपरेटर म्हणाला "खोल मारूया, पाणी जोरात जाईल", आणि आम्ही माना डोलावल्या. पावसाळाभर सगळे खूश. दसरा उलटला आणि तळ्याचं पाणी त्याच चरातून खाली पळायला लागलं. दिवाळीला तळाच्या चिखलाला भेगा. तळ्याच्या तोंडाशी जो जुना उंबरठा होता, म्हणजे ज्या पातळीच्या वर आलेलंच पाणी बाहेर पडायचं, तोच आम्ही फोडला होता. नंतर दगड-मातीने तो परत बांधायला दोन उन्हाळे गेले.

म्हणून पहिलं काम लेव्हलचं. व्हाळाचा तळ, रस्त्याखालच्या मोरीचा तळ, तळ्याचा उंबरठा आणि तळं भरल्यावरची रेघ, या चार उंची एकाच खुणेपासून मोजून घ्या. सर्व्हेअर एका दिवसात देतो. सोबत सर्व्हेचा नकाशा आणि एक-चौदाचा उतारा काढा, म्हणजे मधली जमीन कोणाची, कोमुनिदादची (गावाच्या सामाईक मालकीची) की खाजगी, ते कळेल. जुनी वाट मात्र कागदापेक्षा म्हातारी माणसं चांगली दाखवतात. आमच्याकडे एका आजीने थेट माडाखाली नेऊन दाखवलं, "हांगाच्यान उदक वतालें", म्हणजे इथून पाणी जायचं. खणलं तर खाली गोटे-वाळूचा थर निघाला.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: व्हाळात काय वाहतंय? एप्रिल-मेमध्ये जाऊन बघा. भर उन्हाळ्यात पाणी चालू असेल तर ते एकतर झरीचं, नाहीतर घरांचं. झरीचं पाणी नितळ असतं, दुसऱ्याची ओळख नाकच देतं. तसला व्हाळ तळ्याला जोडलात तर दोन वर्षांत जलपर्णीचं हिरवं कुरण मिळेल. पणजीचा सांतिनेजचा व्हाळ बघा: ताळगावच्या बाजूने येऊन मांडवीला मिळतो, भरती-ओहोटीचं पाणी त्यात येतं-जातं, म्हणजे जोड शाबूत आहे. तरी सांडपाण्याने त्याची काय दशा झाली! संशय असलेल्या घरांच्या संडासात रंग सोडून व्हाळात कुठे उमटतो ते पालिकेच्या माणसांसमोर तपासा. भांडणं होतील, पण त्याला इलाज नाही.

आता मोरी. रस्त्याखाली बहुधा गोल सिमेंटचा पाईप असेल आणि त्याचं तोंड तळ्याच्या बाजूला फूटभर वर लटकत असेल. पाणी पडतं, पण मासा चढत नाही. पहिल्या पावसात मरळ, शिंगी तळ्यातून उलट्या दिशेने उथळ पाण्यात, शेतात अंडी घालायला निघतात. चढणीचे मासे पकडायला आपण लहानपणी रात्री बॅटऱ्या घेऊन जायचो, ते हेच. पाईपऐवजी रुंद चौकोनी मोरी मागा आणि तिचा तळ व्हाळाच्या तळापेक्षा थोडा खाली गाडून घ्या, म्हणजे आतून माती-गोटे नैसर्गिकपणे पसरतात. व्हाळाला दोन्हीकडून काँक्रीट लावायचा प्रस्ताव हमखास येतो. तो नाकारा. आजूबाजूच्या विहिरी त्या पाझरावर जगतात. तळ्याआधी गाळ बसायला एक उथळ डबकं ठेवा, दर उन्हाळ्यात उपसता येईल असं. काठाची माती धरून ठेवायला केवडा लावा. आपल्या बांधांवर तो उगाच लावलेला नाही.

खालच्या बाजूला भरतीचं पाणी पोचत असेल तर मानस, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं फळ्यांचं दार, लागेलच, नाहीतर तळं खारं होईल. फळी कोण, कधी टाकणार हे आधी ठरवा. कुडचड्याचं नंदा तळं, 2022 मध्ये गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झालेलं, अशाच दारावर चालतं. जुवारीच्या उपनदीशी असलेलं दार बंद केलं की पाणथळ भरते आणि साठवलेल्या पाण्यावर खालची भातशेती होते.

परवानग्यांसाठी जलस्रोत खात्याकडे जा. मधल्या सखल जमिनीत कोणी भराव टाकत असेल तर नगरनियोजन कायद्याचं कलम 17 अ दाखवा. परवानगीशिवाय तसा भराव चालत नाही. पाणथळींचे 2017 चे नियमही वाचून ठेवा.

खोदकाम डिसेंबरनंतर, मेच्या मध्यापर्यंत पूर्ण. त्याआधी एक करा: मोठ्या पावसाच्या दिवशी छत्री घेऊन मोरीपाशी उभ्या राहा आणि पाणी कुठून रस्त्यावर चढतं त्याचा फोटो काढा. तो आणि त्या चार लेव्हली इथे टाका, मग चर कुठून न्यायचा ते बघू.