माल समुद्रात, देणं दारात

प्रश्न : मी सुटे भाग आयात करून पंप जोडतो. पुरवठादाराला ६० दिवसांच्या मुदतीची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) देतो. हल्ली जहाजं वळसा घालून येतात. माल हाती पडतो तोवर पैसे भरायची तारीख डोक्यावर आलेली असते. कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीची बँकेची मर्यादा, पूर्ण वापरून झालंय. मुदत कर्ज काढू का?

उत्तर : नको. यंत्र घ्यायचं असतं तर गोष्ट वेगळी. तुम्हाला कमी पडताहेत ते दिवस, तेव्हा आधी तेच मोजा.

बँकेत कर्ज विभागात होतो तेव्हा आयातदार समोर बसला की मी त्याच्याकडून बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) मागून घ्यायचो आणि त्यावरच्या तारखेखाली पेन्सिलीने रेघ मारायचो. तुमचे ६० दिवस बहुधा त्या तारखेपासूनच धावत असणार, माल उतरल्यापासून नव्हे. प्रवासात ३० गेले, तर जोडायला, विकायला आणि वसुलीला ३० उरतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपची वाट धरली. त्या वाटेचे जादा दहा-चौदा दिवस तुमच्याच ३० मधून जातात.

माल आला नाही म्हणून बँक पैसे थांबवेल, या भ्रमात राहू नका. एलसीत बँक कागद बघते, कंटेनर उघडत नाही. कागद बिनचूक असले की पैसे द्यावेच लागतात. तुमच्या खात्यात नसले तर बँक पदरचे भरते, म्हणजेच एलसी डिव्हॉल्व्ह होते, आणि तुमच्या मर्यादेच्या पुढच्या नूतनीकरणाला तोच विषय निघतो.

म्हणून आधी पुरवठादाराशी बोला : ९० दिवस मागा. तो व्याज किमतीत चढवेल; ते तुमच्या कॅश क्रेडिटच्या व्याजाशी ताडून बघा. मग देय तारखेच्या दोन आठवडे आधी बँकेत जा, तारीख उलटल्यावर नाही. सोबत जहाज कंपनीची उशिराची सूचना आणि हातातल्या ऑर्डरी न्या, तात्पुरती वाढीव मर्यादा मागा. गिऱ्हाईक मोठं आणि खात्रीचं असेल तर त्याच्या नावची बिलं बँकेकडून डिस्काउंट करून घेता येतात, म्हणजे थोडी कपात सोसून पैसे आधी मिळतात. मात्र धास्तीने कायमचा जादा साठा ठेवणार असाल तर तो पैसा अडकूनच राहील. त्याला तात्पुरती मर्यादा पुरत नाही, मूळ मर्यादाच वाढवून घ्या.

मरीन विम्यावर भिस्त नको. निव्वळ उशिरामुळे झालेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत धरत नाहीत.